ओठ पाहणाऱ्या आरशाची तक्रार

साहेब, तुम्ही न बघता लिहिलंत. 'उच्चार अशुद्ध' हे दोन शब्द लाल शाईने लिहिलेत, खाली सही ठोकलीत आणि चहा मागवलात. ताई तुमच्यासमोर एकवीस ओळी वाचत होती. त्या एकवीस ओळींत तुमची मान एकदाही वर झाली नाही. मी तिथेच होतो, तिच्या मांडीवर, पिशवीच्या तोंडाशी तिरपा. मला तुमची हनुवटी दिसत होती आणि तिचे ओठही दिसत होते. तुमच्या टेबलावर नावाची पाटी होती, पण माझ्यात अक्षरं उलटी पडतात, त्यामुळे तुमचं नाव मला ठाऊक नाही. हनुवटी मात्र पक्की ध्यानात आहे.

मित्रांनो, घाबरू नका. मी एक जुना हातआरसा आहे, आणि मी चिडलेलो आहे. मला एक तडा आहे, पण तो चिडण्याने गेलेला नाही, आपटण्याने गेलेला आहे. मी शाळेत गेलो नाही, मला कुणी शिकवलं नाही. जे कळलं ते समोर आलेली तोंडं बघून कळलं. म्हणून माझं बोलणं जरा रोखठोक वाटेल. वाटू द्या.

एका काचेच्या कारखान्यात मोठी काच कापून झाल्यावर जो तुकडा उरला, त्यातून मला गोल कापलं. कारागिराने पाठीला लेप दिला, त्यावर तांबडा रंग फासला, लाकडी कड बसवली आणि खाली मूठ लावली. मोठी काच एका दुकानाच्या भिंतीवर गेली आणि आयुष्यभर एकाच जागी उभी राहिली. माझ्या नशिबी मूठ होती, म्हणून मी या हातातून त्या हातात फिरत राहिलो.

पहिली वीस वर्षं मी एका न्हाव्याकडे काढली. तिथे मला 'मागचा आरसा' म्हणत. केस कापून झाले की न्हावी मला गिऱ्हाइकाच्या मानेमागे धरायचा आणि विचारायचा, "बघा, बरोबर झालं?" गिऱ्हाईक समोरच्या मोठ्या आरशात स्वतःच्या मिशा बघत म्हणायचं, "झालं, झालं." माझ्याकडे कुणी बघतच नसे. न्हावी एकदा वैतागून म्हणालाही, "अहो, अर्धी मान तशीच सोडली असती तरी तुम्ही झालं म्हणाला असता!" तेव्हा सगळं दुकान हसलं, पण बघितलं कुणीच नाही.

मग लोक स्वतःच्या मानेचे फोटो फोनवर काढून बघू लागले. मी खणात गेलो. तिथे बोथट कात्री होती, तुरटीचा खडा होता आणि एक कंगवा होता. कंगव्याचे दात मी इतक्यांदा मोजले की शेवटी त्यालाच लाज वाटू लागली. दोन वर्षं गेली. मित्रांनो, आरशासमोर काही नसलं की आपण आहोत की नाही हेच त्याला कळत नाही. मी आतल्या आत नुसता येरझाऱ्या घालत होतो.

एका दुपारी खण उघडला. न्हाव्याची थोरली बहीण आली होती.

"अरे, तुझा तो मागचा आरसा आहे का रे अजून?"

"आहे की. पण कशाला गं ताई? तुझी मान कोण बघणार आता?"

"मान नाही, तोंड बघायचंय. बाईंनी सांगितलंय."

"तोंड बघायला दाजी आहेत ना घरी? रोज बघतात बिचारे."

"गप रे. इंग्रजी शिकतेय मी."

न्हाव्याचा वस्तरा हवेतच थांबला. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन वळलं.

ताईने मला उचललं तेव्हा तिच्या बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या मला लागल्या. ती मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखात्यात काम करायची. गरम पाणी, सोडा, डाग काढायचं औषध, आणि त्यात चादरींचे ढीग. अठरा वर्षांत तिच्या तळहाताची सालपटं निघाली होती, बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. त्याच दवाखान्याच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तिला सरळ सांगितलं होतं, "ओल्या कामातून बाहेर पडा. नाहीतर ही बोटं वर्षभरात वाकायची बंद होतील."

बाहेर पडायचं म्हणजे जायचं कुठे? दवाखान्यात तिला मिळण्यासारखी कोरडी जागा एकच होती. खालच्या मोठ्या दालनात बसून माइकवरून रुग्णांना पुकारायचं. कोणत्या विभागाच्या रुग्णांनी कोणत्या खोलीकडे जायचं, ते इंग्रजीत सांगायचं. खात्यातल्या माणसाला ती जागा मिळू शकत होती, पण दोन अटी होत्या. साहेबांसमोर इंग्रजी वाचून दाखवायचं, आणि वय पंचेचाळीसच्या आत हवं. ताईला पंचेचाळीस पूर्ण व्हायला दहा महिने उरले होते.

ती सातवी शिकलेली होती. अक्षरं तिला येत होती. तिचा घात करत होते ते जोडीने येणारे स्वर. एकटा स्वर कसाबसा ओळखीचा असतो, पण दोघं शेजारी बसले की त्यांच्या मनात काय येईल सांगता येत नाही. इंग्रजीतले ई आणि ए घ्या. 'हेड' म्हणजे डोकं, त्यात हे दोघं. 'हार्ट' म्हणजे काळीज, त्यातही हेच. 'इअर' म्हणजे कान, तिथेही हेच बसलेले. एकाच अंगात राहून तीन ठिकाणी तीन आवाज! ओ-ओ ही जोडी तर आणखी वस्ताद. 'ब्लड'मध्ये एक, 'फुट'मध्ये दुसरी, 'रूम'मध्ये तिसरी. ताई म्हणायची, "आपली वेलांटी बघा, दिली की दिली. ही पोरं घरात एक आणि दारात एक!"

वर्ग कुठे भरायचा माहीत आहे? वाचनालयात. होय, जिथे भिंतीवर 'शांतता राखा' असं लिहिलेलं असतं तिथे उच्चारांचा वर्ग. दुसरी फुकट जागा नव्हती. ग्रंथपालांनी बजावलं होतं, "कोपरा देतो, पण आवाज आला तर दुसऱ्या दिवसापासून बंद." वर्ग घेणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. काटकुळ्या, जाड चष्म्याच्या, पाठीचा कणा पट्टीसारखा. त्या तत्काळ म्हणाल्या, "नाही येणार आवाज." जरा जास्तच तत्काळ म्हणाल्या, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

त्यांची पद्धत अशी. प्रत्येकाने आरसा आणायचा. बाई एक कार्ड वर धरायच्या आणि स्वतःच्या ओठांनी तो स्वर दाखवायच्या, बिनआवाजी. मग सगळ्यांनी आरशात बघून तसंच तोंड करायचं. "आधी ओठ. ओठ बसले की आवाज आपोआप बसतो." 'हार्ट'ला जबडा खाली, दातांमध्ये दोन बोटं उभी राहिली पाहिजेत. 'हेड'ला एकच बोट. 'रूम'ला ओठ पुढे आणि गोल. माझ्या काचेवर वाफेचा ठिपका नाण्याएवढा उमटला पाहिजे. ठिपका लांबट आला की बाई मान हलवायच्या आणि ताई मला पदराने पुसून पुन्हा सुरू करायची.

वर्गात पाचसहा जण होते. त्यांच्यात दवाखान्याचे लिफ्टवाले काकाही होते.

"बाई, माझे ओठ मिशीखाली आहेत. मला सूट द्या."

"मिशी वर धरा," बाई म्हणाल्या.

सहा महिने काका एका हाताने मिशी आणि दुसऱ्या हाताने आरसा धरून शिकले.

मित्रांनो, मला त्या दिवसांत क्षणभर चैन नव्हतं आणि मी इतका सुखी कधीच नव्हतो. ताई मला धुलाईखात्यात न्यायची, घरी न्यायची, बसमध्ये पिशवीतून अर्धा बाहेर काढायची. चुलीपाशी मला डब्याला टेकवून उभं करायची आणि ओठ हलवत राहायची. तिचे यजमान एकदा घाबरून म्हणाले, "अगं, दात दुखतोय का? सरळ जा ना दाखवायला, तिथेच कामाला आहेस." कधी कधी बोटांतून रक्त यायचं आणि माझ्या मुठीला लागायचं. मग ती मूठ फडक्यात गुंडाळून मला पुन्हा समोर धरायची. हळूहळू तिचे ओठ असे बसले की बाईंच्या आणि तिच्या ओठांत मला फरक सापडेना. मी आरसा आहे. फरक शोधणं हेच माझं काम आहे.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र कुणाच्याच डोक्यात आली नाही. ना ताईच्या, ना काकांच्या, ना माझ्या. आवाज काढून बघावा, ही.

परीक्षेच्या दिवशी दारातल्या शिपायाने फोन, कागद, पुस्तकं काढून घेतली. मला बघून तो हसला. "आरसा? मावशी, नटण्याची परीक्षा नाहीये ही." ताईने मला पिशवीत ठेवलं. आत बसल्यावर पिशवी मांडीवर घेतली, आणि मी थोडा बाहेर सरकलो.

"वाचा," तुम्ही म्हणालात, साहेब. तुमच्या हातात कसली तरी यादी होती आणि तुम्ही तिच्यावर बरोबरच्या खुणा करत होतात.

ताईने वाचायला सुरुवात केली. जबडा खाली, दोन बोटं. एक बोट. ओठ गोल. एकही जागा चुकली नाही, मी शपथेवर सांगतो. पण आवाज? सहा महिने बिनआवाजी सराव केलेल्या गळ्यातून आवाज आला तो श्वासाएवढा. तिलाही ते कळलं. तिने जोर लावला तर ओठ विस्कटायला लागले, म्हणून तिने ओठ सांभाळले आणि आवाज सोडून दिला.

"पुढे," तुम्ही यादीकडे बघत म्हणालात. "पुढे... पुढे... झालं. या."

"साहेब, काही चुकलं का?"

"निकाल लागेल."

तीन दिवसांनी फलकावर कागद लागला. लिफ्टवाल्या काकांनी तो ताईला वाचून दाखवला, कारण तिचे डोळे भरून आले होते. उच्चार अशुद्ध. अपात्र. दुसरं कुणीही पात्र ठरलं नव्हतं. जागा रिकामीच राहिली.

ताई तशीच वाचनालयात गेली. पिशवीत मी इकडून तिकडे आपटत होतो, तडा त्याच दिवशीचा. बाई पाठमोऱ्या उभ्या राहून कार्डं लावत होत्या.

"बाई," ताई म्हणाली. बाई वळल्या नाहीत.

"बाई! माझा आवाज कुठे गेला ते सांगा!"

सगळं वाचनालय वळलं. वर्तमानपत्रं खाली आली. ग्रंथपाल खुर्चीतून उठले. एकट्या बाई शांतपणे कार्डं लावत होत्या, 'हेड'वर 'इअर', 'इअर'वर 'हार्ट'.

ताई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. बाईंनी वर बघितलं आणि हसून म्हणाल्या, "केव्हा आलीस गं?"

ताई खालीच बसली. तिने बाईंच्या चेहऱ्याकडे बघत, ओठ नीट हलवत विचारलं, "बाई, तुम्हाला ऐकू येत नाही?"

बाईंचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यात कुणी राहिलं नाही. "चार वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "सांगितलं असतं तर उच्चार शिकायला कोण आलं असतं माझ्याकडे? तुमचे ओठ बरोबर पडतात, ते मला दिसतं. मला वाटलं, तेवढं पुरे होईल."

"पुरे नाही झालं, बाई. मी नापास झाले."

"ओठ चुकले?"

"नाही. आवाजच निघाला नाही."

बाईंनी कार्डं खाली ठेवली. त्यांचा कणा पहिल्यांदा वाकलेला मी बघितला. ताई चिडायला आली होती, पण तिला नीट चिडता येईना, आणि त्यामुळे ती आणखी चिडली. "आता मला मोठ्याने बोलायला शिकवणार कोण?" असं ती कुणालाच न विचारता म्हणाली.

"मी आहे की," लिफ्टवाले काका दारातून म्हणाले. ते तिच्यामागून धावत आले होते. "बाईंना दिसतं, मला ऐकू येतं. दोघं मिळून एक मास्तर होतोय बघ."

ग्रंथपालांनी घसा खाकरून भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. तिघं बाहेर पडले.

दुसऱ्या दिवसापासून वर्ग धुलाईखात्याच्या वाळवणीच्या खोलीत भरू लागला. तिथे कपडे सुकवायची यंत्रं अशी घरघरतात की शेजारचा माणूस शिंकला तरी नुसता वाकलेला दिसतो. ताई एका भिंतीशी उभी राहायची. बाई तिच्यासमोर हातभर अंतरावर, ओठांवर नजर ठेवून. काका थेट समोरच्या भिंतीशी, कानामागे हात लावून. शब्द पोहोचला की काका हात वर करायचे. ओठ बिघडले की बाई बोट वर करायच्या. पहिल्या आठवड्यात बाईंचं बोट खाली येईना आणि काकांचा हात वर जाईना. ताई कावून म्हणायची, "एकाला खूश केलं की दुसरा रुसतो!" घसा बसला, गरम पाणी प्यायली, पुन्हा बसला. मी तिच्या हातात घामाने निसटत होतो. पाच आठवड्यांनी एका दुपारी ती म्हणाली, "ब्लड, रूम एट," आणि काकांनी दोन्ही हात वर केले. बाईंचं बोट खालीच राहिलं. चादरी घडी करणाऱ्या बाया काम सोडून बघायला लागल्या होत्या.

फेरपरीक्षेचा अर्ज ताईने पहिल्या आठवड्यातच दिला होता. खिडकीवरच्या कारकुनाने त्यावर शिक्का मारला आणि म्हणाला, "कळवू." नंतर ती गेली तेव्हा साहेब बैठकीत होते. पुन्हा गेली तेव्हा दौऱ्यावर. चौथ्यांदा गेली तेव्हा साहेब आत होते, पण कामात. दिवस कमी होत चालले होते आणि पिशवीत मला उभं राहवत नव्हतं, बसवत नव्हतं.

पाचव्यांदा ती वर गेलीच नाही. मोठ्या दालनात उभी राहिली. तिथे माइकवर तात्पुरता बसवलेला एक माणूस शब्द चावून चावून बोलत होता आणि बाकांवरचे लोक एकमेकांना विचारत होते, "काय म्हणाला? कुणाला बोलावलं?" ताईने मला बाहेर काढलं, एकदा स्वतःचे ओठ बघितले आणि मला खाली केलं. समोरच्या फळ्यावर त्या तासाचे विभाग आणि त्यांच्या खोल्या लिहिल्या होत्या.

"हार्ट, रूम फोर! इअर, फर्स्ट फ्लोअर! ब्लड, रूम एट!"

माइक नव्हता. तरी शब्द शेवटच्या बाकापर्यंत गेले. मी तिच्या हातात उलटा लोंबकळत होतो, पण मला दिसलं. काळजाच्या रुग्णांची रांग उठली आणि चार नंबरकडे चालू लागली. कानाला कापूस लावलेले एक आजोबा वरच्या मजल्याच्या जिन्याकडे वळले आणि सुनेला म्हणाले, "चल गं, आज पहिल्यांदा नीट कळलं."

तुम्ही जिन्यावरून उतरलात, साहेब. "कोण ओरडतंय?"

"मी. माझा अर्ज आहे तुमच्याकडे."

"ही परीक्षेची जागा नाही."

"मग जागा सांगा, मी येते. नाहीतर एवढंच सांगा, माझा कुठला उच्चार चुकला होता?"

"ते कागदावर लिहिलंय."

"कागदावर 'अशुद्ध' लिहिलंय. शब्द लिहिला नाहीये."

"पुढच्या वेळी बघू."

"पुढच्या वेळी मला पंचेचाळीस पूर्ण झालेली असतील. पुढची वेळ नाहीये, साहेब."

तुम्ही मनगटावरचं घड्याळ बघितलंत आणि वर निघून गेलात. माइकवाला माणूस खाली बघत बसून राहिला. ताईच्या हातावरची चिंधी ओली झाली होती.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात की आम्हाला पुसा, जपा, फेकू नका. मला पुसलं नाहीत तरी चालेल. तडाही राहू द्या. पण कुणी तुमच्यासमोर उभं राहून धडपडत काही वाचत असेल, तर तेवढा वेळ मान वर ठेवा. चुकलं तर कुठे चुकलं ते सांगा. त्याला तुम्हाला काहीही लागत नाही, आणि त्याच्यावर कुणाची तरी दहा बोटं अवलंबून असतात.

आणि साहेब, आता तुम्ही. तिचा आवाज त्या दिवशी बारीक होता, मला मान्य आहे. 'आवाज कमी' लिहिलं असतंत तर मी तोंड मिटून खणात गेलो असतो. तुम्ही लिहिलंत 'उच्चार अशुद्ध'. ते बघितल्याशिवाय कसं कळलं तुम्हाला? एकोणीस दिवस उरले आहेत. ताई सोमवारी पुन्हा खिडकीशी येते आहे, बाई आणि काका तिच्या दोन बाजूंना, मी हातात. एकवीस ओळींचा तोच कागद समोर ठेवा, आणि जो शब्द चुकला त्यावर बोट ठेवून दाखवा. कुठला?